अनुराधा कधी संपली

पुणे,
२८ सप्टेंबर १९९०

शारदाताई,

नमस्कार. उद्या दसरा, माझ्या वाटचं सोनं पत्रातूनच घे. काकांना वेगळं पत्र लिहिलेलं नाही, मुद्दामच. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच, मग काय ते ठरवू.

येत्या वर्षाच्या पंचांगाचं काम हाती घेतलं आहे. दोन वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांचं हाताने गणित करणं थांबलं, तेव्हा मी त्यांना शब्द दिला होता की आपलं पंचांग बंद पडू देणार नाही. आजोबांच्या सारण्या मी संगणकात घातल्या आणि ते काम मनापासून केलं. पण आता माझ्या प्रोग्रॅमवर आपलं एकट्याचं पंचांग निघत नाही. नागपूरचे एक, सोलापूरचे एक, इकडचे दोन असे प्रकाशक आले आहेत. ते सगळे दृक् गणितवाले, म्हणजे चंद्र आकाशात खरोखर जिथे असतो त्यावरून तिथी-नक्षत्र काढणारे. सारण्यांवरून गणित करायची आजोबांची जुनी रीत उरली ती फक्त आपल्या पंचांगात.

संगणकाच्या सी भाषेत एक सोय असते. एकाच प्रोग्रॅमात दोन रीती लिहून ठेवायच्या आणि प्रोग्रॅम कंपाइल करताना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवताना, एक खूण लावायची. खूण लावली की जुनी रीत आत येते, नाही लावली की ती बाहेर राहते. आपल्या पंचांगाच्या वेळी मी ती लावतो, बाकीच्यांच्या वेळी काढतो. ऐकायला सोपं आहे, पण जागोजागी 'जुनी रीत असेल तर हे, नसेल तर ते' असं लिहून सगळा प्रोग्रॅम ठिगळांची गोधडी झाला आहे. एवढंसं बदललं तरी दोनदा तपासावं लागतं. गेल्या महिन्यात खूण काढायची राहिली आणि नागपूरवाल्यांकडे अख्ख्या श्रावणाची पानं जुन्या रीतीची गेली. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हा ती खूणही आणि तिच्यामागची जुनी रीतही काढून टाकावी म्हणतो. फरक असा कितीसा पडणार, फार तर काही तासांचा. शिवाय नवं गणित बरोबर आहे. पण काकांना हे सांगायचं कसं, ते तूच सुचव.

रमाकांत


अमडापूर,
९ ऑक्टोबर १९९०

रमाकांत,

आशीर्वाद. पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस, म्हणजे लबाडी करायची हे तुझं आधीच ठरलं होतं. लहानपणी चिंचा तू पाडायचास आणि बोलणी मी खायची, त्यातलाच हा प्रकार.

बाबांना आडून विचारलं. म्हटलं, सगळे दृक् वापरतात, मग आपणच का नाही? तर म्हणाले, "मोताळ्यापासून बीबीपर्यंत ज्या घरांतली माणसं आपल्याकडे येतात, त्यांच्या पत्रिका, लग्नं, श्राद्धं तुझ्या आजोबांच्या रीतीनं झाली आहेत. बापाला एका पायलीनं मापायचं आणि लेकाला दुसऱ्या?" मी म्हटलं, पण पायलीच चुकीची असली तर? तर हसले. "चुकीची असली तरी सगळ्यांना सारखीच आहे ना," म्हणाले.

त्यांना आता ताटातली भाजी कोणती ते दिसत नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. दिवसभर ओसरीवर बसलेले असतात, आणि कोणी तिथी-नक्षत्र विचारायला आलं की एकदम ताठ होतात. बोटांवर हिशेब करून उत्तर देतात आणि मग हाक मारतात, "शारदे, पान काढ." मी छापलेलं वाचून दाखवते. त्यांचं आणि पानाचं जुळलं की त्यांचा तो दिवस चांगला जातो. पंचांग बंद झालं तर हा माणूस फार काळ टिकायचा नाही, आणि तू कंटाळलास तर ते बंदच होणार, हे तुझ्या पत्रावरून मला कळलं.

म्हणून सांगते, काढून टाक. त्यांना सांगायची गरज नाही. पानं मीच वाचते. त्यांच्या तोंडी हिशेबात आणि पानात थोडं मागेपुढे झालं तर म्हणेन, बाबा, तुमचं वय झालं. ते ऐकतील. माझा ना तुझ्या रीतीवर विश्वास, ना त्यांच्या. चंद्र कुठेही असला तरी आमचे पगार उशिराच होतात. पंचांग तेवढं वेळेवर पाठव.

शारदा


पुणे,
२२ जानेवारी १९९१

शारदाताई,

छापायची पानं चिखलीच्या प्रेसकडे परस्पर पाठवली आहेत. जुनी रीत काढली. प्रोग्रॅम इतका हलका झाला की माझंच डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय. फ्लॉपींचा तुटवडा आहे, त्यामुळे जुनी प्रत होती तीही पुसून त्याच फ्लॉपीवर नवं काम चढवलं. आता मागे जायचा प्रश्नच नाही.

काकांना म्हणावं, या वर्षी छपाई सुबक येईल. त्यांना माझा नमस्कार सांग. तुझी भावजय प्रतिमा तुझ्या हातच्या ज्वारीच्या पापडांची वाट पाहते आहे.

रमाकांत


अमडापूर,
२० सप्टेंबर १९९१

रमाकांत,

हे पत्र मिळताच एक काम कर, बाकी सगळं नंतर.

रविवारी, महालक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी, मनकर्णाबाई आमच्याकडे आली. नाल्यापलीकडे मळा असलेल्या निवृत्तीची ही आई. आदल्या संध्याकाळी तिने घरात महालक्ष्म्या, म्हणजे तुमच्या पुण्याच्या गौरी, बसवल्या आणि पहाटे सुनेला मुलगी झाली. ही सून म्हणजे कोकिळा. मी बीबीच्या शाळेत होते तेव्हाची माझी विद्यार्थिनी. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. घरात सोयर आलं, तर आता नैवेद्य कोणी करायचा आणि आरती कोणी, हे विचारायला मनकर्णाबाई धावत आली होती. पण खुशीत होती. "लक्ष्म्या घरात असतानी लक्ष्मी आली, बुवा," म्हणाली.

बाबांनी सांगितलं, नैवेद्य शेजारच्या सोजराबाईकडून करवून घ्या. मग सवयीने जन्मवेळ विचारली, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "अनुराधा. ऊन चांगलं वर येईपर्यंत अनुराधाच आहे. काही काळजी नाही." आणि मला पान काढायला सांगितलं.

पानावर अनुराधा पहाटेच्या आधीच संपली होती. मुलगी जन्मली तेव्हा ज्येष्ठेचा पहिला चरण चालू होता.

तुला हे शास्त्र आता आठवत नसेल. ज्येष्ठेच्या पहिल्या चरणावर जन्मलेलं मूल थोरल्या भावाला वाईट, असं मानतात. कोकिळाला तीन वर्षांचा मुलगा आहे.

रमाकांत, मला त्याच क्षणी कळलं होतं. बाबांनी मोजली ती आजोबांची अनुराधा, आणि पानावर होती ती तुझी ज्येष्ठा. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे वर्षभराची लबाडी मनकर्णाबाईसमोर, बाबांसमोर उघडी करायची. मी वाचलं, "ज्येष्ठा." बाबांनी पुन्हा बोटं मोजली. मग हळूच म्हणाले, "मशीन चुकत नाही. माझंच चुकलं असेल." आणि तिला सांगितलं की पुढची ज्येष्ठा येईल तेव्हा, म्हणजे सत्तावीस दिवसांनी, शांती करू, तोवर भावाला बहिणीचं तोंड दाखवू नका.

आता तो मुलगा आईला क्षणभर सोडत नाही. एका घरात राहून त्याच्यापासून मुलगी लपवायची कशी? म्हणून त्यांनी कोकिळाला आणि तान्ह्या पोरीला मळ्यातल्या पंपाच्या खोलीत नेऊन ठेवलं आहे. सोबतीला कलाबाई नावाची एक म्हातारी आहे. ओली बाळंतीण, रमाकांत, पत्र्याच्या खोलीत.

जुन्या रीतीने त्या पहाटे काय येतं ते काढून मला तारेने कळव. अनुराधा आली तर मी छपाईची चूक झाली असं सांगून तिला घरी आणवते. हातात काही आधार असला तर मला बोलता येईल.

शारदा


पुणे,
२९ सप्टेंबर १९९१

शारदाताई,

मी ऑफिसच्या कामासाठी मुंबईला होतो. तुझं पत्र इथे येऊन पडलं होतं, काल हातात आलं.

तार करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जुनी रीत पुसून टाकल्याचं मी जानेवारीतच लिहिलं होतं. आजोबांच्या सारण्यांची वही काकांकडे असेल, पण तिच्यावरून गणित करणारे एकटे काकाच आणि त्यांना दिसत नाही.

पण तू उगाच जिवाला लावून घेतेस. त्या पहाटे चंद्र आकाशात ज्येष्ठेतच होता. तू खोटं काही वाचलं नाहीस. शांती होईपर्यंतचाच तर प्रश्न आहे, आणि तो काळ बराचसा गेलाही असेल. चुलीपासून, पाहुण्यांपासून दूर, तिला जरा विश्रांतीच मिळत असेल असं समज. काकांना यातलं काही कळू देऊ नकोस.

रमाकांत


अमडापूर,
१४ ऑक्टोबर १९९१

रमाकांत,

मुलगी गेली. शांतीचा दिवस आठवड्यावर आला होता.

पितृपंधरवडा सरत आला तसा इथे पाऊस लागला. पंपाच्या खोलीचे पत्रे गळतात. कोकिळा खाट कोपऱ्यात ओढून, पोरीला पोटाशी धरून बसून राहायची. त्या ओलीत लेकराला डब्बा झाला. तुमच्याकडे त्याला न्यूमोनिया म्हणतात. नाला भरून वाहत होता, त्यामुळे निवृत्तीला पलीकडे जाता येईना. तो काठावर उभा राहून ओरडून विचारायचा, "पोरगी दूध पिऊन राह्यली का?" कलाबाई पलीकडून हात हलवायची. हाव म्हणते की नाही म्हणते, ते त्याला कळायचं नाही. पाणी उतरल्यावर बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून चिखलीला न्यायला निघाले. चिखली यायच्या आधीच सगळं संपलं. तिचं नाव ठेवायचं अजून राहिलं होतं.

मी गेले होते भेटायला. कोकिळा माझ्याकडे बघून "या बाई" म्हणाली, इतकंच. मुलगा तिच्या मांडीवर चढून बसला होता, उतरायला तयार नव्हता.

आता यापुढचं ऐक. काल मनकर्णाबाई शिधा घेऊन आली. गहू, डाळ, गूळ, वर नारळ. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "बुवा, तुमचं पंचांग खरं निघालं. पोरीनं भावावरचं आपल्या आंगावर घेतलं. माहा पोट्टा वाचला." बाबांनी हात जोडले. आज सकाळपासून दोन घरची माणसं पत्रिका घेऊन येऊन गेली. आपल्या पंचांगाचं नाव झालं आहे, रमाकांत. तो शिधा स्वयंपाकघरात पडला आहे आणि मला त्याला हात लाववत नाही.

बाबा आता बोटांवर मोजत नाहीत. ती माणसं गेल्यावर मला म्हणाले, "शारदे, बरं झालं तू पान वाचलंस. मी तर अनुराधा सांगून त्या पोराला मारलंच असतं." कोणी काही विचारायला आलं की स्वतः तोंड उघडत नाहीत, सरळ मला हाक मारतात. वय झालं म्हणेन, ते ऐकतील, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ऐकलं बघ त्यांनी.

मी त्यांना सगळं सांगणार आहे. तुला विचारत नाही, कळवते आहे.

शारदा


पुणे,
२५ ऑक्टोबर १९९१

ताई,

प्रतिमा पत्र वाचून रडली. मी ऑफिसात जातो, मशीनसमोर बसतो आणि त्या पहाटेचा चंद्र पुन्हा पुन्हा काढून बघतो. दर वेळी ज्येष्ठाच येते. मी चुकलेलो नाही, ताई. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, तरी लिहितो.

मुलगी गळक्या पत्र्याने गेली, पावसाने गेली, तिला तिथे नेऊन ठेवणाऱ्यांच्या समजुतीने गेली. गणिताने गेली नाही. हे तू काकांना सांगितलंस तर त्यांच्या हाती काय लागणार? पंचांगावर नाव त्यांचं आहे. लोक माझ्याकडे येणार नाहीत, तुझ्याकडेही नाहीत, त्यांच्या ओसरीवर येतील. या वयात त्यांना ते झेपायचं नाही. तुझ्या पाया पडतो, सांगू नकोस.

सारण्यांची वही मात्र पाठवून दे. जुनी रीत पुन्हा लिहून काढतो. जितका वेळ लागेल तितका लागू दे.

रमाकांत


अमडापूर,
१८ नोव्हेंबर १९९१

रमाकांत,

तुझं पत्र यायच्या आधीच सांगून झालं होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझं बरोबर होतं?" आणि त्यांचा चेहरा उजळला रे. कित्येक दिवसांत इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. तो तसाच क्षणभर राहिला आणि मग त्यांना ती मुलगी आठवली असावी. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. त्या दिवशी जेवले नाहीत. तुझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. दिवाळी आली तशी गेली. मग एका सकाळी म्हणाले, "चल, मला त्या पोरीच्या आईकडे ने. तिला कळलं पाहिजे."

मळ्यात कापसाची वेचणी चालली होती. कोकिळा कमरेला ओटी बांधून एकटीच एका तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला, लागली होती. मुलगा शेताच्या धुऱ्यावर बोंडांशी खेळत होता. मी बाबांचा हात धरून त्यांना तिच्यासमोर उभं केलं. ते म्हणाले, "बाई, तुझी मुलगी अनुराधेची होती. तिच्यात काही दोष नव्हता. आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं." सगळं स्वतःवर घेत होते. मग मी बोलले. म्हटलं, बुवांनी बरोबर सांगितलं होतं कोकिळा, मी चुकीचं वाचलं. चूक आहे हे मला तेव्हाच माहीत होतं आणि तरी वाचलं.

तिचे हात थांबले नाहीत. दोन-तीन झाडं वेचून झाल्यावर म्हणाली, "मले मालूम होतं, बुवा. मी तिचं तोंड पाह्यलं होतं. तिच्यात काही नव्हतं."

बाबा रडायला लागले. ती त्यांच्याजवळ आली, पण हात लावला नाही. म्हणाली, "माह्या सासूले हे सांगू नोका. सासू म्हंते, पोरगी भावासाठी गेली. चार बायांत तिचं नाव काढते. तुमी खरं सांगसान त ते उगीच मेली असं होईल. मले ते नाही पायजे." बाबांनी मान हलवली. आता हे कोणाला सांगायचं नाही. आपलं पंचांग खरं निघालं असंच लोक म्हणत राहतील, आणि आम्ही ते ऐकून घेऊ.

मला वाटलं, झालं, आता निघावं. तर ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. वर्गात काही अडलं की विचारायची, तशीच उभी होती.

"बाई, तुमी शाळेत आमाले शिकवलं होतं का चंद्र म्हंजे नुसती माती न् दगडं. चांदण्या कोणाचं चांगलं करत नाही न् वाईटबी करत नाही. मी पाठ केलं होतं ते. मंग त्या दिवशी माह्या सासूले तुमी हेच काऊन नाही सांगतलं?"

मी अनुराधा आणि ज्येष्ठेचं सांगायला गेले होते, रमाकांत. सगळी वाक्यं जुळवून गेले होते. ती मुलाला हाक मारून पुढच्या तासाला लागली.

वही पाठवत नाही. बाबांनीच नको म्हटलं आहे. पुढच्या वर्षाची पानंही प्रेसकडे पाठवू नकोस.

तू लिहिलंस की तू चुकला नाहीस. असेल. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याजवळ असलं तर मला पाठवू नकोस, कोकिळाच्या नावाने पाठव. तिला वाचता येतं. मीच शिकवलं आहे.

शारदा